पाणबुडीवाले महारुद्रआप्पा

आष्टीत कुणाची बोअरची मोटार जळाली की तो माणूस हमखास महारुद्रआप्पा हालगे यांच्या दारात येतो. आप्पा नौदलात पाणबुडीवर होते, एवढं गावाला ठाऊक आहे. आमच्याकडं पाणबुडी म्हणजे बोअरमध्ये सोडायची मोटार. आप्पा प्रत्येकाला समजावून सांगायचे, की बाबा, मी माणसं घेऊन समुद्राखाली जाणाऱ्या पाणबुडीवर होतो, मोटारीचं मला काही कळत नाही. पाचसात वर्षांनी ते थकले आणि मोटारी दुरुस्त करायला शिकले.

माझी मुलगी वर्षाराणी त्यांच्याकडं पोहायला शिकली. दर रविवारी तिला घेऊन मी शेततळ्यावर जायचो आणि बांधावर बसून राहायचो. पोरी पाण्यात हातपाय मारायच्या, आप्पा दोराचं टोक धरून उभे असायचे. मधूनमधून बोलायचे. पुढची हकिकत अशी तुकड्यातुकड्यानं, दोन उन्हाळ्यांत मला कळली. मी ती सरळ करून सांगतो आहे, इतकंच.

आप्पांचं मूळ गाव कडा. वडलांचं किराणा दुकान होतं. बहात्तरच्या दुष्काळात आप्पा अकरा वर्षांचे होते. दुकानात विकायला काही उरलं नव्हतं, म्हणून आई खडी फोडायच्या कामावर जायची आणि हे टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभे राहायचे. गुडघ्याच्या वर पाणी त्यांनी कधी बघितलं नव्हतं. पोहणं तर लांबच.

असा मुलगा नौदलात कसा गेला, हे मी त्यांना विचारलं.

"भरतीचा कागद औरंगाबादला भिंतीवर लावलेला होता. त्यावर जहाजाचं चित्र. जिकडं बघावं तिकडं पाणी. मला वाटलं, हितं पाण्याचा वांदा नसंल."

त्यांना इंजिनाचं काम चांगलं जमलं. डिझेल इंजिनाच्या आवाजावरून बिघाड ओळखायचा कान त्यांना होता. त्या जोरावर त्यांची पाणबुडीसाठी निवड झाली आणि चौऱ्याऐंशी साली त्यांना जर्मनीला पाठवलं. तिथं कील नावाच्या बंदरात आपल्या नौदलासाठी नव्या पाणबुड्या बांधल्या जात होत्या. त्या चालवायला शिकून त्या घेऊन परत यायचं, असं काम. गंगासागरकाकूंशी लग्न होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. काकू सांगतात, की आप्पांच्या आईनं प्रवासाला म्हणून इतक्या ज्वारीच्या भाकरी वाळवून दिल्या, की विमानतळावरच्या माणसानं त्या उचलून, उलटसुलट करून, वाजवून बघितल्या.

कीलला एक अडचण आली. पाणबुडी बुडाली तर तिच्यातून सुटून वर कसं यायचं, याचा सराव प्रत्येकाला करावा लागे. त्यासाठी चारपाच मजली उंचीचा पाण्यानं भरलेला हौद होता. खालच्या दारातून आत शिरायचं आणि वर यायचं. यात जिवाला जपायची गोष्ट एकच. श्वास धरून ठेवायचा नाही. वर येताना छातीतली हवा फुगत जाते, म्हणून ती सारखी सोडत यावं लागतं. धरून ठेवली तर फुप्फुस फाटतं.

आप्पांना हे पाठ होतं. पण पाण्यात तोंड गेलं, की ओठ आपोआप मिटायचे. कमी उंचीवरच्या सरावातच त्यांना दोनदा बाजूला काढलं. शिकवणाऱ्यानं स्पष्ट सांगितलं, की आणखी एक संधी, मग भारतात परत.

"रडलो मी," आप्पा म्हणाले. "इंजिन रूममधी एकटा बसून. तिथं त्यानं बघितलं."

तो म्हणजे अर्न्स्ट होल्म. कारखान्यातला डिझेलचा जुना फिटर, साठी ओलांडलेला. आपल्या लोकांना इंजिनाची जोडणी तोच दाखवायचा. तुटक इंग्रजी बोलायचा, आप्पांचं जर्मन तेवढंच तुटक. काय झालं, एवढंच त्यानं विचारलं. आप्पांनी सांगितलं. रविवारी सकाळी तो त्यांच्या राहत्या जागी येऊन हजर झाला, काखेत टॉवेल घेऊन.

त्यानं आप्पांना गावातल्या पोहण्याच्या तलावावर नेलं. आठ वर्षांच्या जर्मन पोरींच्या शेजारी, छातीभर पाण्यात, चोवीस वर्षांच्या महारुद्रला उभं केलं. श्वास सोड वगैरे काही बोलला नाही. म्हणाला, "पाण्याखाली जा आणि गुणगुण."

"काय गुणगुणू?"

"काहीही. गुणगुणणाऱ्या माणसाला श्वास धरता येत नाही. करून बघ."

आप्पांना एकही गाणं आठवेना. मग लहानपणी वडलांबरोबर कपिलधारला जायचे, तिथं गाभाऱ्यात घुमणारा ओंकार आठवला. पाण्याखाली जाऊन त्यांनी लांब ओम् धरला. नाकातून बुडबुडे आले. पाणी आत गेलं नाही. ते वर आले तेव्हा होल्म हसत होता.

असे कितीतरी रविवार गेले. होल्मनं त्यांना आधी तरंगायला शिकवलं, मग पोहायला. बायको वारलेली, मुलगी हाम्बुर्गला, त्यामुळं रविवारी त्याला दुसरं काम नव्हतं, असं तो म्हणायचा. तिसऱ्या संधीला आप्पा हौदाच्या तळापासून वरपर्यंत ओम् म्हणत आले. वर आल्यावर शिकवणाऱ्यानं विचारलं, हा काय आवाज होता. आप्पांनी सांगितलं, आमच्याकडचा आहे.

होल्म दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत पाणबुडीवर होता, हे तोवर आप्पांना माहीत नव्हतं. ते कळलं कँटीनमध्ये. आप्पांसमोर कानपूरचा एक सोबती जेवत होता. आप्पा त्याला म्हणाले, "पानी देना." मागून होल्म थाळी घेऊन चालला होता. तो तिथंच थांबला.

"तू आता काय म्हणालास?"

"पाणी मागितलं."

"तो शब्द. तो शब्द परत म्हण."

"पानी," आप्पा म्हणाले. भरलेला जग त्यांनी उचलून दाखवला.

होल्मनं थाळी टेबलावर ठेवली आणि न जेवताच निघून गेला.

त्या रविवारी तो त्यांना तलावावर घेऊन गेला नाही. बसनं लाबो नावाच्या किनाऱ्यावरच्या गावी नेलं. तिथं लढाईतली एक जुनी पाणबुडी वाळूवर ठेवलेली आहे, लोक तिकीट काढून आत जातात. होल्म आत गेला नाही. बाहेरच्या कठड्यावर बसला आणि म्हणाला, "माझी बोट अशीच होती."

मग त्यानं आपल्या बोटीची सगळी कथा सांगितली. याच कीलला ती बांधली. एक्केचाळीस साली तो तिच्यावर चढला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता, डिझेलवरचा हरकाम्या. आधी बाल्टिक समुद्रात सराव झाला. मग फ्रान्समधल्या एका बंदरात मुक्काम. तिथून अटलांटिकमध्ये फेऱ्या, एकेक फेरी दोन-दोन महिन्यांची. पन्नासएक माणसं, अंघोळ नाही, एका बिछान्यावर पाळीपाळीनं दोघं झोपायचे. पावाला बुरशी यायची, ती खरवडून खायची. बोटीनं एकंदर चार व्यापारी जहाजं बुडवली. इंजिन रूममधल्यांना त्यातलं काही दिसायचं नाही. नुसता लांबचा धक्का जाणवायचा, आणि मग वरचे लोक ओरडायचे.

चारांतलं एकच त्यानं डोळ्यांनी बघितलं. बेचाळीसच्या उन्हाळ्यात, आफ्रिकेच्या पश्चिमेला. जहाजाचं नाव कॅसलबर्न. पहाटे ते बुडालं. उजाडल्यावर पाणबुडी वर आली, तेव्हा समोर एक होडी होती. इंजिनवाल्यांपैकी दोघांना हवा खायला वर सोडलं होतं, त्यात होल्म होता. होडीत सगळे काळेसावळे खलाशी. गोरे अधिकारी दुसऱ्या होडीत होते, ती लांब गेली होती. कप्तानानं इंग्रजीत जहाजाचं नाव विचारलं. होडीतल्या एकानं सांगितलं. मग ते सगळे हात पुढं करून एकच शब्द ओरडायला लागले.

"आमच्या भाषेत पॅनिकला पानिक म्हणतात," होल्म म्हणाला. "आमचा एक अधिकारी हसला. म्हणाला, घाबरलेत, साहजिक आहे. कप्तानानं हातानं जमिनीची दिशा दाखवली आणि आम्ही गेलो. आमच्याकडं पाणी होतं, महारुद्र. कप्तान बरा माणूस होता. कळलं असतं तर त्यानं दिलं असतं, असं मला वाटतं. पण मला तरी काय माहीत."

चव्वेचाळीस साली होल्मला कावीळ झाली म्हणून त्याला बंदरातल्या दवाखान्यात ठेवलं आणि बोट त्याच्याशिवाय गेली. ती परत आली नाही. सगळे बुडाले.

"तुमाला कसं वाटलं तवा?" मी आप्पांना विचारलं.

"राग आला. लई राग आला. होडीतली माणसं आपली. टँकरच्या रांगेत हात पुढं केलेली माणसं मी बघितली व्हती ना. आणि मला हात धरून पाण्यात उतरवणारा माणूस त्यांच्यासमोरून निघून गेलता. मी उठलो, बसमधी बसलो. दोघं शेजारी बसून आलो, पण एक शब्द बोललो न्हाई."

"मग?"

"पुढच्या रविवारी टॉवेल घेऊन तलावावर गेलो. कावून गेलो ते माझं मलाच ठाऊक न्हाई. तो आधीच येऊन बसलेला. मला बघून उभा राहिला. मी म्हटलं, चला, उशीर होतोय."

शहाऐंशी साली आप्पा पाणबुडी घेऊन मुंबईला आले. समुद्रावर नसतील तेव्हा सुटीच्या दिवशी ते डोंगरीत, बंदराच्या आसपास, जुन्या खलाशांच्या बैठकीच्या खोल्यांतून फिरायचे आणि विचारायचे, की कॅसलबर्नवरचं कोणी आहे का. बहुतेक जण नाही म्हणून मान हलवायचे. दोन वर्षं असं चाललं. काकू तेव्हा मुंबईलाच होत्या. त्या म्हणतात, "मला वाटायचं ह्यांचं काय हरवलंय."

शेवटी एका खोलीत दाऊद होडेकर भेटले. रत्नागिरीकडचे, जहाजावर सारंग होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. ऐंशीच्या घरातले, डोळ्यांनी अधू. कॅसलबर्नचं नाव ऐकून त्यांनी आप्पांना खाली बसवलं आणि चहा सांगितला.

होडीत ते होते. कप्तानाला जहाजाचं नाव सांगणारे तेच. होडीतल्या पाण्याच्या पिंपाला स्फोटात चीर गेली होती आणि निम्मं पाणी वाहून गेलं होतं. म्हणून सगळे पाणी मागत होते. पाणी मिळालं नाही. पण कप्तानानं हात केला, त्या बाजूला त्यांनी शीड लावलं. काही दिवसांनी आफ्रिकेच्या कोळ्यांनी त्यांना पाहिलं आणि किनाऱ्याला नेलं. तोवर दोघं गेले होते. एक दाऊदमियाँचा चुलतभाऊ कासम, दुसरा सिल्हेटचा अब्दुल जब्बार नावाचा आगवाला, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारा. बाकी सगळे जगले.

आप्पांनी मग होल्मबद्दल सगळं सांगितलं. त्यानं पोहायला शिकवलं तेही, पानिक आणि पानी तेही.

दाऊदमियाँनी सगळं ऐकून घेतलं. चहा निवला. मग म्हणाले, "आमी दुसरीकडं वल्हवत होतो. त्यानं हात दाखवला नसता तर कोण मिळालं नसतं आमाला. त्याबद्दल सलाम सांग त्याला. आणि पाणी दिलं नाय, दोन माणसं गेली, ते पण सांग. दोन्ही सांग, बाबा. एकच सांगू नको."

आप्पांनी परदेशी फोनच्या बूथवरून कीलला फोन लावला. दोन्ही सांगितलं. मग होल्म म्हणाला, "त्या दोघांची नावं सांग." आप्पांनी एकेक अक्षर फोडून सांगितली. होल्मनं परत म्हणून दाखवली, चुकली तिथं आप्पांनी सुधारली.

"पंचेचाळीस वर्षं मी त्यांना घाबरलेले समजत होतो," होल्म म्हणाला. "ते नुसते तहानलेले होते. हे समजणं जड आहे. पण मला खोट्यापेक्षा हे पाहिजे होतं. आणि बाकीचे जगले, हेही मला कुणी सांगितलं नव्हतं. तुझे आभार मानतो, महारुद्र."

होल्म शहाण्णव साली वारला. मुलीनं फोन करून कळवलं. तिनं हेही सांगितलं, की दर नोव्हेंबरात लाबोला बुडालेल्या खलाशांसाठी फुलं वाहायला तो जायचा, तेव्हा आपल्या बोटीवरच्या माणसांच्या नावांनंतर कासम आणि अब्दुल जब्बार ही नावं मोठ्यानं घ्यायचा. लोक वळून बघायचे.

आप्पा निवृत्त होऊन आष्टीला आले. पुढं आमच्या भागात शेततळी वाढली. खोल खड्डा, त्यात प्लास्टिकचा कागद अंथरलेला. पाण्याची सोय झाली, पण तो कागद इतका निसरडा, की आत पडलेल्या माणसाला वर चढता येत नाही. ऊसतोडीला गेलेल्यांची लेकरं आजीपाशी असतात. आजी थकलेली, पोरं खेळत तळ्यापाशी जातात. शेजारच्या गावात एका दिवाळीनंतर दोघं भाऊ असेच गेले. आप्पा त्यांच्या मातीला गेलते. परत आले आणि काकूंना म्हणाले, "मला ज्यानं शिकवलं त्यानं कुणाची वाट बघितली नव्हती."

आठवडाभरात त्यांनी एका नातलगाचं शेततळं मागून घेतलं, कडेला खुंट्या ठोकून गाठींचा दोर सोडला, ट्रॅक्टरच्या ट्यूबा आणल्या. पोरांआधी पोरींना घेतलं, कारण पोरं कशीही विहिरीत उड्या मारून शिकतात, पोरींना कुणी पाठवत नाही. लोक हसले. आप्पांनी मनावर घेतलं नाही. पहिला धडा एकच, उताणं पडायचं आणि पाण्याला भ्यायचं नाही. दुसरा, तोंड पाण्याखाली घालून गुणगुणायचं. शेततळ्यावर गेलं की मधमाश्यांच्या पोळ्यापाशी आल्यासारखं वाटतं.

माझी वर्षाराणी भित्री होती. आता ती भीत नाही. त्याबद्दल मी आप्पांचे आभार किती मानले, पण ते प्रत्येक वेळी होल्मकाकांचं नाव पुढं करतात.

गेल्या हिवाळ्यात स्वप्नालीचं झालं. स्वप्नाली दहा वर्षांची, आईबाप तोडीला कोल्हापूरकडं, ती आजीपाशी. आप्पांकडं एक उन्हाळा शिकलेली. शेळीमागं धावताना तिचा पाय घसरला आणि ती दुसऱ्याच एका तळ्यात पडली. तिथं दोर नव्हता. दोनदा तिनं कागदावर चढायचा प्रयत्न केला, दोनदा खाली आली. मग ती उताणी झाली आणि पडून राहिली. रानातून येणाऱ्या एका माणसानं शेळीचं ओरडणं ऐकलं, डोकावला आणि धोतर सोडून त्याचं टोक तिच्याकडं टाकलं आणि तिला बाहेर ओढलं. हातपाय गार पडले होते, पण पोटात पाणी नव्हतं. आजीला तिनं सांगितलं, की मी आभाळाकडं बघत बसले.

पाडव्याच्या सुमाराला तोडीवरून माणसं परत आली, आणि दुसऱ्याच दिवशी स्वप्नालीची आई बायनाबाई आप्पांच्या दारात आली. रविवार होता, मी वर्षाराणीला घेऊन तिथंच होतो. बायनाबाईनं नारळ आणि खण काकूंच्या ओटीत घातला आणि आप्पांच्या पायावर डोकं ठेवलं. आप्पा मागं सरले.

"माझं काय न्हाई त्यात. मला एका जर्मन म्हाताऱ्यानं शिकवलं, त्याचं हाय सगळं."

"कुठं असतो त्यो?"

"वारला."

बायनाबाई विचारात पडली. "कपिलधारला नारळ फोडायचाय मला पोरीच्या नावानं. त्याच्या नावानं बी फोडते. नाव काय म्हनावं?"

"अर्न्स्ट."

"अरनेस," ती म्हणाली. मग परत, "अरनेस." आप्पांनी सुधारलं नाही. त्यांनी चष्मा काढला आणि पंच्यानं बराच वेळ पुसला.

काकूंनी चहा आणला. बायनाबाई चहा बशीत ओतून प्याली, पण उठेना. शेवटी म्हणाली, "आप्पा, राग मानू नका. मला बी शिकवा की. कारखान्यावर कॅनॉलच्या कडंला पाचटाच्या कोपीत ऱ्हातो आमी. धुणं धुताना सारखं भ्याव वाटतंय."

आप्पांनी काकूंकडं बघितलं. मोठ्या बाईला आपण कसं शिकवायचं, असं काहीतरी ते पुटपुटले. काकू कपबश्या गोळा करत होत्या. चाळीस वर्षं नवरा पाण्याखाली आणि पाण्याकाठी, पण त्या स्वतः कधी घोट्याच्या वर पाण्यात उतरल्या नव्हत्या.

"तुमी वरून सांगा," काकू म्हणाल्या. "तिच्यासंगं मी उतरते."

पुढच्या रविवारी दोघी जुन्या लुगड्यांचे काष्टे मारून, एका दोराला धरून, कंबरभर पाण्यात उभ्या होत्या. पोरी बांधावर बसून हसत होत्या. आप्पा वरून सूचना देत होते आणि दोघी त्यांना गप्प बसा म्हणत होत्या. मग काकूंनी बायनाबाईचा हात धरला, डोळे मिटले आणि तोंड पाण्यात घातलं.